सुपरचार्जर इंजिनाला पाण्याचा फवारा: नोझल कसं निवडावं, टायमिंग कसं लावावं

एप्रिलमध्ये कोल्हापूरचा पारा चाळिशीकडे सरकला की सुपरचार्जरने (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) दाबलेली हवा इंटरकूलरमधून (ती थंड करणारा रेडिएटर) येऊनही गरमच राहते आणि इंजिन नॉक करू लागतं, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून ठोके देतं. पाण्याचा बारीक फवारा वाफ होताना ही उष्णता शोषून घेतो. मात्र नुसत्या पाण्याने ताकद वाढत नाही, टायमिंग वाढवायला, म्हणजे ठिणगी आणखी आधी पाडायला, तेवढी जागा मिळते. म्हणून आधी पाणी बंद ठेवून इंजिन विनानॉक चालवून दाखवा. पूर्ण बूस्टवर (सुपरचार्जरने वाढवलेला हवेचा दाब) वाइडबँड मीटर हवा-पेट्रोलचं प्रमाण ११.५ ते १२ दाखवत नसेल तर पेट्रोलचं दुखणं पाण्याखाली झाकू नका.

नोझलचं माप पेट्रोलवरून काढायचं. २०० हॉर्सपॉवरचं सुपरचार्ज इंजिन पूर्ण ताकदीवर मिनिटाला साधारण १,२०० मिली पेट्रोल पितं. त्याच्या १० ते १५ टक्के, म्हणजे १२० ते १८० मिली पाणी लागतं. १५० मिलीचं नोझल घ्या. ते इंटरकूलरनंतर बसवा, तापमान सेन्सरवर फवारा पडू देऊ नका. नोझलसाठी आट्यांचा अॅल्युमिनियम बुश उद्यमनगरात कुठल्याही चांगल्या लेथवर करून मिळतो. जागा थ्रॉटलनंतर, इंजिनाच्या बाजूला असेल तर सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) हवाच, नाहीतर बंद थ्रॉटलवर व्हॅक्यूम टाकीतलं पाणी ओढत राहतो.

पाणी डिस्टिल्डच. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार नोझलच्या केसाएवढ्या भोकाभोवती जमतो आणि फवाऱ्याची धार होते. गोठू नये म्हणून मिथेनॉल घालायचं कारण कोल्हापुरात नाही. ते विषारी आहे आणि पेटही घेतं.

बसवण्याआधी नोझल मोजपात्रात ३० सेकंद चालवून पाहा: धुकं पडलं पाहिजे, थेंब नाहीत.

पंप कमाल बूस्टच्या निम्म्यावर सुरू करा. त्याआधी पाणी आलं तर इंजिन अडखळतं. अडखळणं राहिलंच तर प्लगचा गॅप ०.७ मिमीपर्यंत आणा. मग टायमिंग एकेक अंशाने वाढवा, डायनोवरच (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणारं यंत्र). पुणे-बंगळूर हायवेवर नको. दर वाढीनंतर प्लग काढून बघा. पोर्सिलीनवर चंदेरी किंवा काळे बारीक ठिपके दिसले तर लगेच दोन अंश मागे या. एका अंशाने ताकद वाढली नाही तर तिथेच थांबा.

पाणी अचानक थांबलं तर हेच वाढवलेलं टायमिंग पिस्टन खातं. टाकीतला फ्लोट स्विच पुरेसा नाही, कारण नोझल तुंबलं तरी टाकी भरलेलीच दिसते. प्रेशर सेन्सरही फसवतो, तुंबल्यावर दाब उलट जास्त दिसतो. फ्लो सेन्सर लावा, तो ईसीयूला (इंजिनाचा कंप्युटर) जोडा आणि प्रवाह तुटताच टायमिंग मागे, बूस्ट कमी अशी सोय करा. शेवटी कमी बूस्टवर पंपाची वायर मुद्दाम काढा आणि ही सोय खरंच चालते का ते ईसीयूच्या नोंदींत (लॉग) तपासा.