बेळगावात एका इंजिनाचं विमान ठेवताय? या चुका टाळा

सांबरा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण २,५०० फुटांवर आहे. जून ते सप्टेंबर इथली हवा ओलीचिंब असते, तर एप्रिल-मेमध्ये ती तापून विरळ होते. विमानाचं पुस्तक, म्हणजे उत्पादकाची माहितीपुस्तिका, या पठारासाठी लिहिलेलं नसतं. त्यातले आकडे इथल्या हवेला लावून घ्यावे लागतात आणि नेमकं तेच होत नाही. मग त्याच त्या चुका दरवर्षी दिसतात, बहुतेक घाईतून झालेल्या. खाली जिथे आकडे आहेत ते सेसना १७२ एसचे आणि तिच्या लायकॉमिंग इंजिनाचे आहेत. तुमचं विमान वेगळं असेल तर त्याच्या पुस्तकातले घ्या.

पावसाळ्यात इंजिन ‘जरा फिरवून’ ठेवणं

सर्वांत महाग चूक हीच. पाऊस लागतो, उडणं थांबतं. मग मालक दर रविवारी हँगरवर येतो, इंजिन सुरू करतो, दहा मिनिटं चालवतो आणि निर्धास्त मनाने घरी जातो. न येता घरी बसला असता तर इंजिनाचं नुकसान कमी झालं असतं.

पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ तयार होते. त्यातली थोडी पिस्टन रिंगांच्या फटीतून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य पेटीत, उतरते. तेल पुरेसं तापलं तर ही वाफ ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडते. जमिनीवर दहा मिनिटं इंजिन चालवून तेल तेवढं तापत नाही. पाणी आतच राहतं, ज्वलनातून आलेल्या आम्लात मिसळतं आणि पुढचे सहा दिवस लोखंडावर बसून असतं. लायकॉमिंगमध्ये कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (प्रोपेलर फिरवणाऱ्या दांड्याच्या) वर असतो, त्यामुळे इंजिन थांबल्यावर तेल निथळून आधी कोरडा पडतो तो कॅमच.

पुढचा क्रम ठरलेला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये टॅपेटच्या, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या भागाच्या, तोंडावर टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे खड्डे पडतात. दिवाळीनंतर विमान पुन्हा उडू लागतं तेव्हा काहीच जाणवत नाही. आरपीएम (मिनिटाचे फेरे) बरोबर, मॅग्नेटोची (प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्राची) तपासणी बरोबर, आवाजही नेहमीचा. पण त्या खड्ड्यांच्या कडा कॅमच्या लोबवर (फुगवट्यावर) घासत असतात आणि टॅपेटच्या तोंडाचे टवके निघू लागतात. त्याची पहिली खबर तेलाच्या फिल्टरमध्ये मिळते, चमचमणाऱ्या कणांच्या रूपात. फिल्टर न कापता फेकून देणाऱ्याला ती खबर मिळतच नाही. त्याला कळतं ते लोब झिजून व्हॉल्व्ह पुरता उघडेनासा झाल्यावर, चढताना विमान जड वाटू लागल्यावर. तोवर धातूचे कण बेअरिंगांपर्यंत फिरून आलेले असतात. मग क्रँककेस उघडणं, नवा कॅम, नवे टॅपेट आणि कित्येक महिने विमान जमिनीवर.

म्हणून पावसाळ्यात दोनच मार्ग धरावेत. उघडीप मिळाली की विमान नीट उडवायचं, किमान एक तास, तेलाचं तापमान १६५ ते २०० अंश फॅरनहाइट म्हणजे ७४ ते ९३ अंश सेल्सिअस ठेवून. लायकॉमिंगही हेच सांगतं. उघडिपीची खात्री नसेल तर मे संपायच्या आत इंजिन रीतसर बंद करून ठेवायचं: जुनं तेल काढून प्रिझर्व्हेटिव्ह तेल भरायचं, ते खेळवायला एक उड्डाण करायचं, इंजिन गरम असतानाच वरच्या प्लगच्या भोकांतून सिलिंडरमध्ये तेल फवारायचं, त्या भोकांत सिलिका जेलचे प्लग बसवायचे, एक्झॉस्ट, ब्रीदर आणि हवेची वाट बंद करायची. जेल निळ्याचं गुलाबी झालं की बदलायचं. खानापूरकडून येणाऱ्या त्या ओल्या वाऱ्यात हे लवकर होतं, म्हणून दर आठवड्याला नजर टाकावी. प्रोपेलरवर ‘फिरवू नका’ अशी लाल पट्टी बांधा. हाताने प्रोपेलर फिरवून बघायची अनेकांना सवय असते. त्याने तेलाचा उरलासुरला थरही पुसला जातो. हे सगळं परवानाधारक इंजिनिअरकडून करून घ्या आणि इंजिनाच्या लॉगबुकात नोंद करा.

तेलबदलाबद्दलही तेच. फिल्टर असलेल्या इंजिनाला ५० तास, नुसती जाळी असेल तर २५ तास, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या पुढचं ‘किंवा चार महिने, जे आधी येईल ते’ हे विसरतात. खासगी मालकाचं विमान वर्षाकाठी थोडंच उडतं, त्यामुळे त्याला लागू पडतो तो चार महिन्यांचाच नियम. वापरलेल्या तेलात आम्ल साचलेलं असतं. ते घेऊन पावसाळ्यात शिरू नये. फिल्टर उघडायला हॅकसॉ वापरू नका, कारण ब्लेडचा कीस आत पडतो आणि मग कण कुणाचे ते कळत नाही. फिल्टर कटर घ्या. कागदाच्या घड्या व्हाइसमध्ये दाबून तेल काढा, उन्हात पसरा आणि त्यावरून चुंबक फिरवा. चुंबकाला जे चिकटेल ते पोलादी, म्हणजे चिंतेचं. हे काम मालकाने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंच पाहिजे.

टाकीत काय जातंय ते न बघणं

सांबऱ्याला प्रवासी विमानं येतात आणि ती एटीएफ (जेट इंधन) भरतात. तुमच्या पिस्टन इंजिनाला लागतं ते १०० एलएल, म्हणजे कमी शिशाचं, निळ्या रंगाचं विमानाचं पेट्रोल. एटीएफ जवळजवळ बिनरंगी, गवती छटेचं आणि रॉकेलसारख्या वासाचं. दोन्ही मिसळली की निळा रंग फिका पडतो, पण मिश्रण थोडंच असेल तर डोळा फसतो.

१९७८ साली अमेरिकेत सॅन डिएगोजवळच्या ब्राउन फील्डवर बॉब हूवर या नावाजलेल्या वैमानिकाच्या श्राइक कमांडर विमानात १०० ऑक्टेन पेट्रोलऐवजी जेट इंधन भरलं गेलं. भरणाऱ्या मुलाला ते टर्बोप्रॉप, म्हणजे जेट इंधनावर चालणारं, वाटलं होतं. विमान रीतसर सुरू झालं, टॅक्सी करून गेलं, हवेतही उचललं गेलं. नळ्यांत उरलेलं चांगलं पेट्रोल संपलं तेव्हा दोन्ही इंजिनं थांबली. हूवर यांनी ते एका घळीच्या उतारावर टेकवलं आणि सगळे वाचले. त्यानंतरच जेट इंधनाच्या नळीला रुंद, चपटं तोंड आणि पेट्रोलच्या टाकीला अरुंद गळा करायची पद्धत पुढे आली. आयुष्य विमानात घालवलेला माणूस फसला, कारण भरताना तो समोर नव्हता. रनअप (उडण्याआधीची इंजिनाची तपासणी) चांगला झाला म्हणजे इंधन बरोबर आहे हा समज किती खोटा, ते या प्रसंगातून कळतं.

म्हणून भरताना उभं राहा. पावतीवर ‘१०० एलएल’ वाचा. शंका आली तर पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. पेट्रोल उडून जातं, एटीएफ मिसळलेलं असेल तर तेलकट डाग राहतो.

पाण्याचंही असंच. १७२ एसला इंधन तपासायच्या १३ जागा आहेत, प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन. शिकाऊ मंडळी दोन-तीन बघून मोकळी होतात. आणखी एक फसवणूक लक्षात ठेवा: कपात अर्धं पाणी असेल तर रेघ दिसते, पण सगळंच पाणी असेल तर रेघ नसते आणि नमुना स्वच्छ दिसतो. रंग निळा आहे का आणि वास पेट्रोलचा आहे का, दोन्ही बघा. रात्रभर पाऊस झाला असेल तर नमुना घ्यायच्या आधी पंख हलवा, थोडा वेळ जाऊ द्या, मग काढा.

आणि पंपावरचं पेट्रोल टाकायचा विचारही नको. आपला जिल्हा उसाचा, त्या उसाचंच इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. जुन्या सील आणि नळ्या त्याने फुगतात. मोटारीच्या पेट्रोलला परवानगी असलेल्या बहुतेक इंजिनांतही एवढं इथेनॉल चालत नाही.

जुलैत कार्ब्युरेटर विसरणं

१७२ एस इंजेक्शनवर चालते, तिला हा त्रास नाही. पण जुन्या १७२, १५० आणि १५२ कार्ब्युरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) आहेत. ‘बर्फ’ म्हटलं की लोकांना हिमालय आठवतो. खरा धोका बाहेर २२ अंश आणि हवा दमट असताना असतो, म्हणजे बेळगावचा जवळजवळ अख्खा पावसाळा. कार्ब्युरेटरमध्ये हवेचा दाब पडतो, पेट्रोलची वाफ होते आणि तापमान वीस अंशांहूनही जास्त खाली येऊ शकतं. थ्रॉटल कमी करून उतरताना बर्फ सर्वांत लवकर धरतो.

स्थिर प्रोपेलरवर खूण एकच: आरपीएम हळूहळू घसरतो. नवशिका थ्रॉटल थोडा पुढे करतो आणि खूण झाकून टाकतो. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) पूर्ण ओढा, अर्धी नको. बर्फ वितळून पाणी इंजिनात गेलं की ते काही क्षण खडखडतं. याच वेळी घाबरून हीट बंद केली जाते. तसं करू नका. थांबा, आरपीएम पुन्हा चढेल.

मे महिन्यात दुपारी भरलेलं विमान

२,५०० फुटांवर प्रमाण तापमान १० अंश धरतात. मेमध्ये दुपारी ३७ असेल तर फरक २७ अंशांचा. प्रत्येक अंशाला १२० फूट धरले की ३,२४० फूट वाढतात आणि डेन्सिटी अल्टिट्यूड ५,७०० फुटांच्या आसपास जातं. विमानाला आपण महाबळेश्वरच्याही वरून उडतो आहोत असं वाटतं. टेकऑफची धाव समुद्रसपाटीवरच्या प्रमाण दिवसाच्या जवळजवळ दीडपट होते. सांबऱ्याची धावपट्टी लांब आहे म्हणून ते खपून जातं, आणि खपतं म्हणूनच सवय बिघडते. हाच माणूस छोट्या पट्टीवर गेला की अडचणीत येतो.

इंडिकेटरवर रोटेशनचा (नाक उचलायचा) वेग तोच, ५५ नॉट, पण जमिनीवरचा खरा वेग नऊ टक्क्यांनी जास्त. धावपट्टी पळताना दिसते म्हणून लोक आधीच योक (विमानाचं सुकाणू) ओढतात आणि विमान फरफटत उठतं. नजर वेगाच्या घड्याळावर ठेवा. मिश्रण पूर्ण रिच (जास्त पेट्रोलचं) ठेवून इंजिन जड चालत असेल तर ब्रेक धरून पूर्ण थ्रॉटल द्या, आरपीएम सर्वांत जास्त येईपर्यंत लीन (कमी पेट्रोलचं) करा, मग थोडं रिच करा. पुस्तक काय सांगतं ते आधी वाचलेलं असू द्या.

वजनाचंही इथेच. १७२ एसचं कमाल वजन १,१५७ किलो. रिकामं विमान साधारण ७६० किलो, पूर्ण भरलेलं वापरायचं पेट्रोल सुमारे २०० लिटर म्हणजे १४४ किलो. उरले अडीचशे किलो. त्यात चार मोठी माणसं बसत नाहीत, मग वर कुंद्याचे डबे कुठले. चार सीट आहेत म्हणून चार माणसं बसवणाऱ्याने आधी आपल्या विमानाचं वजनपत्रक काढून बघावं. मेमध्ये सकाळी आठच्या आत उडा, तीन माणसांत उडा.

बाकीच्या, थोडक्यात

उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, बोल्ट करून घेणं. आपल्या लेथवाल्यांचा हात सोन्याचा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण विमानाच्या बोल्टला धातूचा पुरावा, नेमकी ग्रिप लांबी (आटे नसलेल्या भागाची) आणि रिलीजचा कागद (वापरायला मान्यता दिल्याचा दाखला) लागतो. कागद नसलेला बोल्ट कितीही सुबक असला तरी विमानात जात नाही.

खाली पडलेला स्पार्क प्लग पुन्हा बसवणं. आतलं सिरॅमिक तडकलेलं बाहेरून दिसत नाही. पडला की टाका. बसवताना नवा तांब्याचा वॉशर आणि टॉर्क रेंच, ३० ते ३५ फूट-पाउंड.

टॅक्सी करताना पूर्ण रिच. शिसं खालच्या प्लगांवर बसतं आणि मग मॅग्नेटोचा ड्रॉप १५० आरपीएमच्या वर जातो. जमिनीवर लीन ठेवा, टेकऑफआधी पुन्हा बघा.

तेल आठ क्वार्टपर्यंत (क्वार्ट म्हणजे सुमारे एक लिटर) भरणं. वरचं एक-दीड क्वार्ट ब्रीदरमधून पोटाला फासलं जातं. सहा-सात ठेवा, पाचच्या खाली उडायचं नाही. मोटारीचं तेल कधीही नाही, त्यातल्या धातूयुक्त रसायनांची राख सिलिंडरमध्ये साचते.

पिटोचं (वेग मोजणाऱ्या नळीचं) झाकण न लावणं. कुंभारीण माशी एका दिवसात मातीने नळी बुजवते. तिला टाकीच्या व्हेंटची नळीही चालते, आणि ती बुजली की पेट्रोल इंजिनापर्यंत येणं थांबतं. साळुंक्या काऊलिंगमध्ये (इंजिनावरच्या आवरणात) काड्या भरतात. झाकणं लावा आणि तरी उडण्याआधी टॉर्च घेऊन आत बघा.

मॅग्नेटो बंद करणारी वायर न तपासणं. इंजिन बंद करण्याआधी आयडलवर चावी क्षणभर ऑफ करून पुन्हा बोथवर (दोन्ही मॅग्नेटो चालू) आणा. इंजिन मिटायला लागलं पाहिजे. नाही मिटलं तर वायर तुटलेली आहे आणि तो प्रोपेलर हात लावताच फिरू शकतो.

पावसाळ्यात ‘ढगांखालून गोव्याला उतरू’ म्हणणं. चोर्ला घाटाच्या माथ्यावर ढग जमिनीला टेकलेले असतात, खाली वाट नसते. खानापूरच्या अलीकडूनच माथा स्पष्ट दिसत नसेल तर तिथूनच वळा.

वळवाच्या आधी विमान न बांधणं. एप्रिल-मेमध्ये दुपारी आभाळ स्वच्छ दिसतं आणि चारच्या सुमारास वावटळीसकट गारा येतात. दोन्ही पंख आणि शेपूट, तिन्ही ठिकाणी दोर लावा, पंखांचे दोर ४५ अंशांत. सुती दोराला इंचभर ढील ठेवा, कारण तो भिजला की आवळतो, नायलॉन मात्र ताणला जातो. कंट्रोल लॉक लावा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे द्या. पार्किंग ब्रेकवर विसंबू नका, दिवसभराच्या उन्हात त्याचं तेल फुगतं आणि रात्री गार झालं की पकड सुटते.