विशेष प्रदर्शन मांडताना: आधी उजेडाचा हिशेब, मग रंगरंगोटी

प्रादेशिक संग्रहालयातलं विशेष प्रदर्शन साधारण तीन महिने चालतं. पण किती दिवस चालवायचं हे यादीतल्या सगळ्यात नाजूक वस्तूवरून ठरवावं, उद्घाटनाच्या सोयीवरून नव्हे.

हस्तलिखितं, जलरंगातली चित्रं, रंगवलेली वस्त्रं आणि जुनी छायाचित्रं यांना 50 लक्सपेक्षा (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नको. तैलचित्रं, हाडं, रंगीत लाकूड यांना 150 ते 200 चालतो. दगड, भाजलेली माती आणि धातूला उजेडाची फारशी भीती नाही. आता गुणाकार करा: 50 लक्स, रोज 8 तास, 90 दिवस म्हणजे 36,000 लक्स-तास. अतिशय लवकर फिकट होणाऱ्या रंगांसाठी आंतरराष्ट्रीय शिफारस वर्षाला 15,000 ची आहे, म्हणजे त्यांची मुदत अडतिसाव्या दिवशीच संपते. तेव्हा अशा वस्तूंचे तीन-तीनचे संच आधीच काढून ठेवा आणि दर पाच आठवड्यांनी एक उतरवून पुढची लावा. हस्तलिखिताचं पान उलटलं तरी भागतं. उजेड लक्समीटरनं आणि वस्तूच्या पृष्ठभागाशीच मोजा. मोबाइलच्या अॅपवर विसंबू नका. 50 लक्स अंधुक वाटतो अशी तक्रार हमखास येते. त्यावर दिवे वाढवणं हा इलाज नाही. त्या दालनाच्या आधीची वाट मंद ठेवा, म्हणजे डोळे सरावतात.

काचपेट्यांचं काम मात्र सगळ्यात आधी उरकायला हवं, आणि चुकतं ते नेमकं इथेच. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या) आणि प्लायवूडमधून आम्लयुक्त वाफा निघतात. बंद पेटीत त्या साठतात, आणि शिशाच्या वस्तूवर काही आठवड्यांत पांढरी भुकटी धरू शकते. लोकरी कापड किंवा रबर अंथरलं तर चांदी काळवंडते. शक्य असेल तिथे पावडर-कोटेड (कोरड्या रंगाचा थर भाजून बसवलेला) धातू आणि काच वापरा. लाकूड टाळता येत नसेल तर त्यावर अॅल्युमिनियमचा थर असलेलं, वाफा अडवणारं पटल लावा आणि वर धुतलेलं, बिनरंगी सुती कापड ताणून बसवा. पाण्यात मिसळणारा रंग लावल्यावर पेटी किमान तीन-चार आठवडे उघडी राहू द्या. वास गेला म्हणजे वाफा संपल्या, असं समजू नका.

आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास असावी; त्यातही आकड्यापेक्षा चढउतार जास्त घातक. दिवसा वातानुकूलन आणि रात्री बंद, या उघडझापीनं लाकूड तडकतं आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. पेटीच्या तळकप्प्यात दर घनमीटरला सुमारे 20 किलो साधं सिलिका जेल (ओलावा शोषणारे आणि सोडणारे दाणे) ठेवा, पण आधी ते हव्या त्या आर्द्रतेत दोन-तीन आठवडे मुरवून घ्या. भट्टीत सुकवलेलं जेल तसंच ठेवलं तर चर्मपत्र आक्रसतं.

बाहेरून आलेली वस्तू थेट दालनात नेऊ नका. पेटारा न उघडता 24 तास दालनासारख्याच हवेत बाजूला राहू द्या. मग उघडून, आधीच्या स्थिती-अहवालाशी (वस्तू पाठवताना तिच्या अवस्थेची केलेली नोंद) ताडून, प्रत्येक ओरखड्याचा फोटो घ्या. हे टाळलं, तर परत करताना वाद ठरलेला. कापडात कसरीचा संशय आला तर ते पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे 20 अंशांत किमान एक आठवडा ठेवा, आणि बाहेर काढल्यावर तापमान सम होईपर्यंत पिशवी उघडू नका.

ग्रंथ उघडा मांडताना पाळण्यासारखा आधार द्या; कोन 120 अंशांपुढे नको आणि बांधणी घट्ट असेल तर त्याहून कमी. वस्त्र खिळ्यांवर टांगलं की सगळा भार चार टाक्यांवर येतो. त्यापेक्षा उतरत्या फळीवर पसरा.

मजकुराच्या पाट्या शेवटी लिहिल्या जातात आणि म्हणूनच लांबतात. एका वस्तूला 50 ते 75 शब्द पुरे. पहिल्या वाक्यात वस्तूत दिसणाऱ्या गोष्टीकडे बोट दाखवा, काळ आणि साहित्य नंतर. अक्षर मोठं ठेवा, जोडाक्षरं बुजत नाहीत ना ते बघा, आणि पाटी चाकाच्या खुर्चीवरूनही वाचून पाहा. पाटीचा छापील नमुना मंद उजेडात तपासायला विसरू नका, कारण राखाडीवर पांढरं अक्षर टेबलावर देखणं दिसतं आणि 50 लक्समध्ये नाहीसं होतं.