संत्र्यावरचा सायला आता तारीख पाहून येत नाही, नवती पाहून फवारा

काटोल, नरखेड, कळमेश्वर पट्ट्यातल्या संत्रावाल्यांनो, अंबिया बहाराचं (थंडी सरताना येणारा संत्र्याचा फुलोरा) ओलीत सुरू झालं की दुसऱ्या दिवसापासून सायलाच्या, म्हणजे कोवळ्या शेंड्यातला रस शोषणाऱ्या बारीक किड्याच्या, फवाऱ्याची तारीख विचारणं सुरू होते. मागच्या वर्षी अमुक तारखेला मारलं म्हणून यंदाही त्याच तारखेला, असं आता जमून नाही राहिलं भाऊ.

किड्याला स्वतःच्या अंगची गर्मी नसते, बाहेर जेवढं तापमान तेवढीच त्याची वाढ. सायलाची एक पिढी कडक थंडीत दीड महिना खाते, तीच २५ ते २८ डिग्रीत पंधरा-वीस दिवसांत पुरी होते आणि एक मादी ८०० पर्यंत अंडी घालू शकते. म्हणजे थंडी लवकर सरली की एक पिढी फुकटची वाढली समजा. नाशिकच्या द्राक्षवाल्यांचं पिठ्या ढेकणानं हेच करून ठेवलं आहे.

आपल्याकडं याहून मोठी भानगड झाडाची आहे. अंबियाला डिसेंबर-जानेवारीचा गारठा आणि पाण्याचा ताण दोन्ही लागतात, गारठा अर्धवट पडला की झाड एकदम फुटत नाही, आज या फांदीवर नवती, म्हणजे नवी कोवळी फूट, दहा दिवसांनी त्या फांदीवर, आणि सायला अंडी घालते फक्त कोवळ्या नवतीवर, म्हणजे आधी जे जेवण थोड्या दिवसांत संपायचं ते आता महिना-दीड महिना वाढून ठेवलेलं असते. एकच फवारा मारून मोकळं झालं की मागून आलेली नवती तशीच राहते, मग दवा कामच करत नाही म्हणून बोंब.

म्हणून आठवड्यातून दोनदा बगीच्यात फिरा, बांधावरून पाहून होत नाही. शेंडा हातात धरा, न उघडलेल्या पानाच्या घडीत बदामाच्या आकाराची पिवळी-नारिंगी अंडी दिसतात, मोबाईलचा कॅमेरा झूम केला तरी चालते. पिल्लं पांढरे वेटोळे धागे सोडतात, मोठा किडा मागचा भाग वर करून तिरपा बसतो. मुंग्यांची रांग शेंड्याकडं चालली असेल तर तिथं आधी पाहा. अंडी-पिल्लं दिसली की ५ टक्के निंबोळी अर्क शेंडा ओला होईल असा मारा. प्रमाण वाढलं तरच रासायनिक, तेही संत्र्यासाठी शिफारस असलेलं आणि दरवेळी दवाचा गट बदलून, एकाच प्रकारची दवा लागोपाठ नको. झाड फुलावर असेल तर मधमाश्यांपायी थांबा. ढालकिडे (सायला खाणारे मित्रकिडे) दिसत असतील तर उगाच पंप सुरू करू नका, ते तुमचं काम फुकटात करून राहिले.

पाणसोट (खोडा-फांदीतून सरळ वर जाणारे फुटवे) काढून टाका, त्यांच्यावर बारमाही कोवळं असते. बगीच्याजवळ गोडनिंबाचं (कढीपत्त्याचं) झाड असेल तर तेही तपासा, सायला तिथंही पोसते. एवढी किटकिट कशासाठी, तर हाच किडा ग्रीनिंग रोग (पानं पिवळी पडून झाड खंगत जाते) पसरवतो आणि रोग लागलेल्या झाडाला औषध नाही.

आता कोणी म्हणेल, मे महिन्यात आपल्या नागपूरच्या उन्हात सगळं जळून जाते. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ डिग्री झालं होतं, तेवढ्या उन्हात सायलाची अंडी-पिल्लं मरतात हे खरं. पण ओलिताच्या दाट बगीच्यात झाडाच्या आत तेवढं तापत नाही, तिथं काही उरतेच, आणि जूनच्या पहिल्या पावसानं नवती आली की तिथूनच पुन्हा सुरू. वरून कोरड्या उन्हात कोळी (अगदी बारीक कीड, जाळ्यातला कोळी नाही) वाढतो, फळावर लाल्या, म्हणजे सालीवर लालसर-तपकिरी डाग, येतो तो त्याचाच.

कोळशीसाठी (काळ्या माशीपायी पानं-फळं काळी पडतात ती) पानं उलटी करून पाहा. अंडी निम्मी फुटली की निंबोळी तेल १० लिटर पाण्यात १०० मिली, साबणाच्या पाण्यात फेटून, पानाच्या खालच्या बाजूनं बसलं पाहिजे. या माशीच्या अंड्यावर मारून काही होत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळातला रस शोषणारा पतंग येईल, त्याच्या अळ्या गुळवेल-वासनवेलीवर वाढतात, धुऱ्यावरचे हे वेल पावसाळ्यातच उपटा. पडलेली फळं रोज उचलून खड्ड्यात गाडा, पतंग पळवायला अंधार पडताना धूर करा.

शंका असेल तर नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत शेंडा आणि पानं घेऊन जा, फक्त प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून नेऊ नका, घाम सुटून नमुना खराब होतो, कागदात गुंडाळा.