जुन्या डिझेल पिकअपचं मिसिंग: पंप उतरवण्याआधी काय तपासायचं

सावद्याहून केळी भरून निघालेली जुनी पिकअप कन्नड घाटात मिसिंग मारायला लागली, म्हणजे इंजिनचा ठेका चुकायला लागला, की सल्ला ठरलेला असतो, पंप (नोझलला दाबाने डिझेल देणारा) उतरवा. घाई करू नका. पंपाचं काम सगळ्यात खर्चाचं, आणि दोष बहुतेक वेळा त्याच्या अलीकडेच सापडतो.

आधी इंजिन ओळखा. नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) डोक्यावर वायरचं सॉकेट असेल तर ते कॉमन रेल, म्हणजे खूप जास्त दाबाची इलेक्ट्रॉनिक डिझेल यंत्रणा. चालू इंजिनवर त्याचा पाइप कधीही ढिला करू नका. डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते. पुढचं सगळं मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांसाठी.

ठेका सारखा एकाच जागी चुकत असेल तर एखादा सिलिंडर काम करत नाही. मिसिंग येऊन-जाऊन असेल, रेस दिल्यावर गाडी बंद पडू पाहत असेल, तर डिझेलच्या पाइपात शिरलेली हवा किंवा डिझेलचाच प्रश्न. इथे लोक फसतात ते हवेला. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास असतो, रबरी पाइप कडक होऊन चिरतात. टाकीपासून फिडर पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपापर्यंतची) बाजू ओढणारी असते, त्यामुळे चिरेतून डिझेल गळत नाही, उलट हवा आत जाते. पाइप कोरडा दिसला म्हणून तो चांगला समजू नका. फिडरच्या अलीकडे वीतभर पारदर्शक डिझेल पाइप जोडून गाडी चालू करा. बुडबुडे दिसले तर पाइप आणि क्लॅम्प बदला. मग डिझेल फिल्टरवरचा एअर स्क्रू (हवा काढायचा) ढिला करून डिझेल लाइनवरचा छोटा हातपंप मारा. फेस थांबून निखळ डिझेल आलं की स्क्रू आवळा. पंपावरच्या स्क्रूलाही तसंच करा.

फिल्टरचं ड्रेन उघडून 200 मिलि डिझेल काचेच्या बाटलीत काढा आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी तळाशी वेगळं दिसेल. शेतावरच्या ड्रममधून डिझेल भरणाऱ्यांनी पावसाळ्यात हे आवर्जून करावं. फक्त चढावर, लोड असतानाच त्रास होत असेल तर फिल्टर आणि टाकीतली जाळी बघा. टाकीचं झाकण सैल करून गाडी सुधारली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं आहे.

आता सिलिंडर. इंजिन आयडलवर ठेवा, चष्मा लावा, नोझलजवळ फडकं धरा आणि पाइपचा नट (बहुधा सतराचा पाना लागतो) अर्धा आटा ढिला करा. आवाज पडला, इंजिन हललं, तर तो सिलिंडर चांगला. आवळून पुढच्याकडे जा. काहीच फरक पडला नाही तर दोषी तोच.

त्याचं नोझल शेजारच्याशी अदलाबदल करा. तांब्याचे वॉशर नवेच घाला, आणि जुना वॉशर भोकात चिकटून राहिलेला नाही ना, ते टॉर्चने पाहा. दोन वॉशर बसले की नोझल वर राहतं आणि तुम्ही स्वतःच नवं मिसिंग तयार करता. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब. बेंचवर प्रेशर आणि फवारा तपासून घ्या.

जागेवरच राहिला तर टॅपेट गॅप (व्हॉल्व्हची फट), मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा. डिझेलचाच गेज लागतो, पेट्रोलचा इथे पुरत नाही. आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर त्यांच्या मधलं हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलं असण्याची शक्यता जास्त. एकच कमी असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंग. निळा धूर आणि ऑइलची वाढलेली खपत रिंगकडे बोट दाखवते. थंड इंजिनचा डिझेलच्या वासाचा पांढरा धूर मात्र नुसतं न जळलेलं डिझेल असतं.

कॉम्प्रेशनही बरोबर निघालं तरच दोष पंपाच्या एलिमेंटचा (दाब तयार करणारा भाग) किंवा डिलिव्हरी व्हॉल्व्हचा (पंपातून नोझलकडे डिझेल सोडणारा). उतरवण्याआधी पंपाच्या फ्लँजवर आणि इंजिनवर छिन्नीने एक सलग खूण करून ठेवा. बसवताना ती जुळली नाही तर टायमिंग सरकतं आणि गाडी नव्याने धूर मारायला लागते.