वाफेची बोट बघायला जाताय? आधी इंजिन रूममध्ये उतरा

अमेरिकेत मिसिसिपी नदीवरच्या न्यू ऑर्लिन्सला गेलात तर टुलूस स्ट्रीटच्या धक्क्यावर ‘नॅचेझ’ ही वाफेची बोट दिसेल. लोक तिकीट काढतात आणि थेट वरच्या डेकवर रेलिंगजवळची खुर्ची धरतात. तसं करू नका. साखर कारखान्याच्या बॉयलरवर माझे तीस हंगाम गेले. मुलगा ह्यूस्टनला असतो, त्याने मला ही बोट दाखवली, आणि मी सूनबाईला घेऊन अख्खी फेरी खालीच काढली.

वर जायचं ते सुटायच्या आधी, कॅलिओपी ऐकायला. बत्तीस शिट्ट्यांची, वाफेवर वाजणारी पेटी म्हणा. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांचे कान झाका.

मग इंजिन रूम गाठा. प्रवाशांना आत जाऊ देतात. बोट १९७५ ची, पण इंजिनं १९२५ ची, ‘क्लेअरटन’ नावाच्या बोटीवरून काढून बसवलेली. घाई न करता एका बाजूचा लांब दांडा मागेपुढे होताना बघा, मग दुसऱ्या बाजूचा. दोन्ही बाजूंचे क्रँक, म्हणजे दांड्याच्या जोराने चाक फिरवणारे वाकडे हात, एकमेकांशी काटकोनात असतात. एक अडायच्या जागी आला की दुसरा ऐन जोरात असतो, म्हणून मागचं २५ फुटी चाक थांबत नाही. हे डोळ्यांनी बघितलंत की पुढचं सगळं सोपं.

आता तिथेच उभं राहून जुना काळ आठवा. १८११ मध्ये पिट्सबर्गहून ‘न्यू ऑर्लिन्स’ ही या नद्यांवरची पहिली वाफेची बोट ओहायो नदीतून खाली मिसिसिपीकडे निघाली आणि जानेवारी १८१२ मध्ये याच शहरात पोचली. प्रवाहाबरोबर उतरणं सोपं, चढणं अवघड. हेन्री श्रीव्हसारख्या बोटवाल्यांनी जास्त दाबाची, वजनाला हलकी इंजिनं वापरली, त्यामुळे बोटी उथळ पाण्यातही चालल्या आणि उलट्या प्रवाहातही. पण बॉयलरला पाणी नदीचंच, आणि मिसिसिपीचं पाणी म्हणजे दुधाचा चहा. गाळ तळाला बसायचा, म्हणून बॉयलरखाली गाळाचा ड्रम असे आणि तो सारखा ब्लोडाउन करावा लागे, म्हणजे वाफेच्या दाबाने गाळ बाहेर सोडावा लागे.

गाळ काय करतो ते मी भोगलंय. एका हंगामात आमच्या गेज ग्लासचा, म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेचा, खालचा कॉक (नळ) गाळाने चोंदला. काचेत पाणी अर्ध्यावर, बॉयलरमध्ये मात्र उतरत चाललेलं. ट्राय कॉक, म्हणजे पातळी हाताने तपासायचा नळ, उघडला तर पाण्याऐवजी कोरडी वाफ फिस्सकन आली. पाणी फार उतरलं की पत्रा तापून बॉयलर फुटू शकतो. ताबडतोब भट्टीतली आग बाहेर ओढली, म्हणून आज लिहितोय. तेव्हा बोटीवरच्या माणसाला एवढं जरूर विचारा: पाण्याची पातळी कुठे बघता? आनंदाने दाखवतात.

मिसिसिपीवरच्या ‘सुल्ताना’ या वाफेच्या बोटीवर एवढी काळजी कुणी घेतली नाही. एप्रिल १८६५, अमेरिकेतलं यादवी युद्ध नुकतंच संपलेलं. नदीकाठच्या व्हिक्सबर्गला बॉयलरचा पत्रा फुगलेला सापडला. नीट दुरुस्तीला दिवस लागले असते; तेवढ्यात सुटलेले युद्धकैदी दुसऱ्या बोटीने गेले असते, आणि भाडं माणशी मिळत होतं. म्हणून पातळ पत्र्याचा पॅच मारून निघाले. परवानगी ३७६ माणसांची, बोटीवर दोन हजारांहून जास्त. २७ एप्रिलला पहाटे दोनच्या सुमाराला मेम्फिसच्या वर बॉयलर फुटले. हजाराहून अधिक माणसं भाजून, बुडून गेली. बॉयलर तपासणीचा आणि इंजिनिअरच्या परवान्याचा कायदा १८५२ सालीच झालेला होता! आपल्याकडे हायड्रॉलिक टेस्टला, म्हणजे पाण्याच्या दाबाने बॉयलर तपासायला, इन्स्पेक्टर येतो तेव्हा कुरकुर करणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगतो.

वेळ असेल तर मेम्फिसला जा आणि पूल ओलांडून आर्कान्सामधल्या मॅरियन गावी ‘सुल्ताना’चं संग्रहालय बघा. नदीने पात्र बदललंय. बोटीचे म्हणून ओळखले जाणारे अवशेष १९८२ मध्ये सापडले ते सोयाबीनच्या शेताखाली.