अर्धं संगीत नाटक मंडळींना ऐकवताना

आमच्या इंदूरच्या वाचन-मंडळात दर रविवारी कुणीतरी नवी संहिता घेऊन येतं. पहिल्यांदा मी अख्खा अंक आणि सातही पदं ऐकवली. चौथ्या पदाला समोरचे काका पेंगले, आणि चूक त्यांची नव्हती.

आता एकच प्रवेश आणि दोन पदं नेते. अपुरं नेण्याची लाज नको. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल' नाटकाचेही १८८० साली पुण्यात आधी चारच अंक झाले होते.

पद आधी नुसतं वाचा, चाल न लावता. गोड चालीखाली लंगडे शब्द लपतात. मग गा, पण स्वतः नको, दुसऱ्याला द्या. माझ्या एका ओळीत 'क्षितिज' नेमकं समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) पडायचं, गाणारी दर वेळी तिथेच अडखळायची. 'आभाळ' केलं, सुटलं. पेटी घरून न्या, आणि गाणाऱ्याची पट्टी, म्हणजे तो कोणत्या सुरात गातो ते, आधी विचारा.

"कसं वाटलं?" विचारलंत की "छान" मिळतं, वर पोहे. विचारा: पद सुरू झालं तेव्हा गोष्ट थांबली का? उत्तर येईपर्यंत गप्प बसा (मला अजून जमत नाही). सगळं वहीत टिपा. दोघांनी एकाच ओळीवर बोट ठेवलं, तर घरी जाऊन आधी तीच ओळ काढा.