पाणीवाल्याची नेमणूक आणि उघडे पडलेले अर्ज

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात नळाला पाणी सोडणारा माणूस नेमायचा होता. कर्मचारी नेमायचा अधिकार पंचायतीला 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमातल्या कलम 61 ने आहे, पण अर्जांचा गठ्ठा टेबलावर तसाच पडायचा. कुणाचा आधार नंबर, कुणाचं आजारपण, सगळं संध्याकाळी पारावर. गरिबाच्या पोराची अशी चर्चा मला बघवत नव्हती.

सरपंचांशी बोलून अर्ज कपाटात कुलूपबंद केले आणि गुणांचे निकष आधीच फळ्यावर लावले. एका सदस्याचा पुतण्या उमेदवार होता. चर्चेच्या वेळी ते सदस्य बाहेर बसले, तशी नोंद प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात घेतली. ही नोंद कधीच टाळू नका. निवडीचा ठराव मात्र लगेच फळ्यावर लावला.

तरी एक बाप आलाच, "भाऊसाहेब, मना पोर्‍याले काब्र नही लिधं?" म्हणजे माझ्या पोराला का नाही घेतलं? त्याला पोराचे गुण दाखवले. पाण्याच्या मोटारीच्या कामात तो कमी पडला होता. दुसऱ्या एकाने माहिती अधिकारात सगळेच अर्ज मागितले. 2005 च्या कायद्याचं कलम 10 इथे कामी येतं: आधार, फोन, आजारपणाच्या ओळींवर कागदाची पट्टी ठेवून झेरॉक्स काढल्या, बाकीचं दिलं. काय झाकलं आणि का, तेही उत्तरात लिहिलं.